सिंहमानव ते ब्लॅक पँथर: नाते खरे की भासमान?

प्रश्न
जर्मनीतील उल्मच्या संग्रहालयात मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची सिंहमानवाची मूर्ती आहे. धड माणसाचे आणि शिर गुहासिंहाचे असल्याने तिचे छायाचित्र पाहताच मला नृसिंह आठवला, तर माझ्या मुलाला ब्लॅक पँथर. या मूर्तीपासून आजच्या चित्रकथांतील नायकांपर्यंत एखादी अखंड परंपरा दाखवता येते का?

प्रतिसाद १
अखंड परंपरा दाखवता येणार नाही. होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत या मूर्तीचे तुकडे ऑगस्ट १९३९ मध्ये सापडले, पण आठवडाभरातच महायुद्ध पेटले आणि ते जुळवून पाहण्यास १९६९ साल उजाडले. बॅटमॅन अमेरिकेत १९३९ मध्येच अवतरला, म्हणजे त्याच्या निर्मात्यांना ही मूर्ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. नृसिंहाचेही तेच, शिवाय त्याचे रूप हिरण्यकशिपूच्या वरातील पळवाटेतून आले आहे, आणि सिंहमानवाची कथा तर आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

प्रतिसाद २
कथा हरवली, तरी मूर्तीचे महत्त्व तिच्यावर खर्ची पडलेल्या श्रमांतून कळते. जेमतेम ३१ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती दगडी हत्यारांनी पुन्हा घडवून पाहिली, तेव्हा सुमारे ४०० तास लागले. हिमयुगात एका माणसाला शिकारीतून इतका काळ मोकळे ठेवणे हे सर्व टोळीलाच परवडवून घ्यावे लागले असणार. जवळच्या होले फेल्स गुहेत अशीच एक इवलीशी मूर्ती सापडल्याने ही कल्पना एकट्यादुकट्याची नव्हती, असेही दिसते. आजच्या नायकांशी तुलना करताना मला एक भेद मोठा वाटतो: बॅटमॅनचा मुखवटा उतरतो आणि त्याच्या कथेतील सारे रहस्य त्या उतरण्यावरच उभे असते, तर सिंहमानवाच्या मानेवर माणूस संपून सिंह सुरू होतो अशी रेघच नाही.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही प्रतिसाद मान्य आहेत, पण मुलाला एवढ्यात चूक ठरवू नका. १९६६ मध्ये आलेल्या ब्लॅक पँथरच्या कथाविश्वातील आराध्यदेवता बास्ट ही प्राचीन इजिप्तमधील बास्टेटच आहे. तेथे नाते निव्वळ साम्याचे नसून नावानिशी घेतलेल्या उसनवारीचे आहे. बास्टेट आरंभी सिंहमुखी होती, पुढे मांजरमुखी झाली, आणि भाविक तिच्या लहान कांस्यमूर्ती देवळांत अर्पण करीत. त्यांपैकी अनेकींत तिच्या एका हाती खुळखुळ्यासारखे वाद्य असते, पायाशी पिल्ले असतात, आणि जुने सिंहमुख दुसऱ्या हातातील रुंद गळपट्ट्यावर राहिलेले असते.