मदत हवी आहे: नवऱ्याच्या कंपनीत व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) सक्ती, सही करावी का?

मंडळी, जरा घाईतच लिहितेय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. कामगार कायद्यातलं कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

नवरा चाकणला गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत जून २००८ पासून पर्मनंट आहे. एक लाईन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवणार, अशी कुजबुज दिवाळीपासून होतीच. गेल्या आठवड्यात एकेकाला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. मोबाईल बाहेर ट्रेमध्ये ठेवायला लावले. टेबलावर राजीनामा टाईप करून तयार: 'मी वैयक्तिक कारणास्तव, कोणाच्याही दबावाशिवाय...' नाव, तिकीट नंबर (कामगार क्रमांक) सगळं छापलेलं, फक्त तारीख आणि सही बाकी. वैयक्तिक कारण म्हणे! याने घरी विचारून सांगतो म्हटल्यावर राजीनाम्याचा कागद परत घेतला आणि व्हीआरएसचा तेवढा हातात दिला. त्यात एकरकमी सात लाख, 'ग्रॅच्युइटी व सर्व कायदेशीर देणी धरून'. सही नाही केली तर नुसता कायद्याने बसेल तो हिशोब मिळेल, हे तोंडी.

मला खटकतंय ते पुढचं. याच लाईनवरची २०१९ च्या भरतीची तीन मुलं राहणार आहेत, काम त्यांना यानेच शिकवलंय. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही घरदार आहे. पण शेवटी आला तो आधी जाणार, असा नियम असतो ना? एचआर म्हणते तो नियम कामगारांना, तुम्ही टीम लीडर, म्हणजे स्टाफ. युनियनचा प्रतिनिधीही तेच म्हणतो, कारण २०२१ ला प्रमोशनचं लेटर आलं तेव्हापासून याची वर्गणी कापायची बंद झाली.

प्रमोशन म्हणजे काय, तर पगारात थोडी वाढ आणि वेगळ्या रंगाची टोपी. काम तेच: क्रेनवरून मोल्ड (साचा) उतरवायचा-चढवायचा, पहिला पीस तपासायचा, मशीन अडलं की हात काळे करायचे. कुणाची रजासुद्धा हा मंजूर करू शकत नाही, अर्ज शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर नेऊन ठेवतो.

बेसिक आणि डीए मिळून २६,०००, एकूण पगार ४१,०००. कंपनीत पर्मनंट १८० च्या आसपास, कंत्राटी आणि ट्रेनी वेगळे. सासरे म्हणतात, मिळतंय ते घे आणि गप बस. सात लाख ठीक आहेत का? आणि सही नाही केली तर उद्या गेटवरच अडवलं तर काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी: राजीनाम्यावर सही नको. स्वेच्छानिवृत्ती कायद्याच्या भाषेत छाटणी (मालकाने कामावरून कमी करणं) धरतच नाहीत. एकदा 'स्वेच्छेने' लिहून दिलं की ज्येष्ठता, नोटीस, भरपाई, सगळ्यावर पाणी. दबाव होता हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं, आणि फोन बाहेर का ठेवले ते आता कळलं असेल.

आता हिशोब. जून २००८ ते फेब्रुवारी २०२६ म्हणजे सतरा वर्षं पूर्ण आणि वर सहा महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून १८ धरा. ग्रॅच्युइटी २६,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस) गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००, एकूण २,७०,०००. ही टीम लीडर असो की मॅनेजर, मिळतेच, आणि ३० दिवसांत द्यावी लागते. छाटणीची भरपाई वेगळी: दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. भत्त्यांसह पूर्ण ४१,००० धरले तर निम्मे २०,५००, गुणिले १८, झाले ३,६९,०००. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, ४१,०००. बेरीज ६,८०,०००. शिवाय नव्या कायद्यात (औद्योगिक संबंध संहितेत) पुनर्कौशल्य निधी आहे, त्यातून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत खात्यावर यायला हवी. शिल्लक रजेचे पैसे धरलेलेच नाहीत.

म्हणजे हा हिशोब धरला तर सात लाखांत कंपनी पदरचं जवळपास काहीच घालत नाहीये. तुमचंच तुम्हाला देऊन वर हक्क सोडल्याची सही मागतेय.

प्रतिसाद २

वरच्या हिशोबाशी सहमत, पण भरपाईचा आकडा 'कामगार' ठरलात तरच. खरी मेख तिथेच आहे. सुपरवायझरचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. एचआर त्याच फटीत हात घालतेय. मात्र कोर्ट पदनाम बघत नाही, दिवसभराचं मुख्य काम बघतं. रजा मंजूर न करणारा, कुणावर कारवाई न करणारा, स्वतः मोल्ड बदलणारा माणूस नुसत्या टोपीने सुपरवायझर होत नाही. मोल्ड चेंजच्या नोंदींवर त्याच्या सह्या असतील, शिफ्टच्या ग्रुपवर 'मशीन बंद पडलंय, ये' असे मेसेज असतील. ते सगळं आत्ताच जपून ठेवा.

शेवटी आला तो आधी, हे एकाच वर्गातल्या कामगारांना लागू. मालक क्रम मोडू शकतो, पण कारणं लेखी नोंदवून. त्या वर्गाची ज्येष्ठता यादी मागा. आणि वर्षभरात त्याच कामाला भरती केली तर काढलेल्यांना आधी विचारावं लागतं.

सरकारी परवानगीचं मात्र आता अवघड झालंय. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही छाटणीआधी ती लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आकडा ३०० वर गेला. तुमच्याकडे कंत्राटी मुलं धरून तीनशे होतात का, धरता येतात का, हे वकिलाकडूनच तपासून घ्या. माझ्या मते या एका आकड्याने मध्यम कंपन्यांचं रान मोकळं केलंय, पण तो वाद इथे नको.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. सासऱ्यांना आकडे वाचून दाखवले, मग जरा नरमले. शुक्रवारी लेखी काय द्यायचं? आणि वकिलाचा खर्च?

प्रतिसाद २

दोन ओळी पुरे: 'मी राजीनामा देत नाही, व्हीआरएस स्वीकारत नाही, कामावर हजर राहण्यास तयार आहे.' ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टने पाठवा, पावती ठेवा. गेटवर अडवलं तर भांडू नका. त्याच दिवशी तारीख, वेळ, शिफ्ट घालून 'हजर झालो, आत घेतलं नाही' असं पत्र त्याच पद्धतीने. न सांगता गैरहजर राहिला असं दाखवायला त्यांना जागाच ठेवायची नाही.

काढूनच टाकलं तर पुण्यातल्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना २०२१ चं ते प्रमोशन लेटर न्या. त्यात कामाचं वर्णन काय लिहिलंय ते इथेही टाका, बघून सांगतो.