क्लबहाउसच्या स्लॅबवर चिरा: तातडीचं

बी-२०४: काल दुपारी १२ ला भरलेल्या स्लॅबवर आज सकाळी चिरा दिसतायत. ठेकेदार म्हणतो, वरून सिमेंटचं पाणी फिरवतो. फिरवू द्यायचं का?

ए-६०१: अजिबात नको, ताई. चिरा सळ्यांच्या बरोबर वरून चौकटीसारख्या आहेत, की तिरक्या आणि समांतर?

बी-२०४: तिरक्या. दीड-दोन फुटांवर एकेक. कडेच्या आधीच थांबतात.

ए-६०१: मग माल (काँक्रीट) ओला असतानाच पडल्यात. उन्हावाऱ्याने वरचं पाणी झपाट्याने उडालं, खालून तेवढं वर आलं नाही, आणि पृष्ठभाग आक्रसला. त्या वेळी त्यात ताकद नसते, म्हणून फाटतो. सळ्यांवरून गेल्या असत्या तर जास्त वाईट. तिथे माल खाली बसतो, सळी अडवते, आणि ती चीर पाणी थेट सळीवर नेते. कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) कमी किंवा व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवणारं यंत्र) नीट फिरला नाही की हे होतं.

सी-३०२: सिमेंटचं पाणी चिरेत उतरत नाही, वर पापुद्रा धरतं आणि वर्षभरात पावडर होऊन निघतं. आत्ता दोन इंचांची आळी (कडेने छोटे बांध) बांधून पाणी साठवा, म्हणजे क्युरिंग होईल. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे, त्यामुळे किमान १० दिवस, या उन्हात १४. मधे एक दिवसही कोरडं पडू देऊ नका.

बी-२०४: आरपार गेल्यात का, कसं कळेल?

सी-३०२: सेंट्रिंग (स्लॅबखालचा आधाराचा साचा) निघाल्यावर वर पाणी ठेवून खालून ओल बघा. रुंदी गेजने मोजा, ०.३ मिमीच्या वर असेल किंवा ओल आली तर क्युरिंगनंतर स्लॅब सुकवून पातळ इपॉक्सी (घट्ट होणारं रसायन) चिरांत भरून घ्यायचं. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला ०.२ मिमी धरा.

ए-६०१: काका, शनिवारी भरायच्या स्लॅबच्या दुसऱ्या भागाचंही ठरवू.

सी-३०२: हो. सकाळी ६ ला सुरू, १० च्या आत संपवा. सेंट्रिंग आधी भिजवा. ५० किलोच्या गोणीला २२ लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातून वजा. माल घट्ट वाटला म्हणून मिस्त्री पाइपने जास्तीचं पाणी सोडतात, तिथे कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. वर आलेलं पाणी उडायच्या आत थापी फिरवायची नाही, कोरडं सिमेंट तर भुरभुरायचंच नाही, त्यानेच वरचा थर उकलतो. फिनिशिंग झालं की लगेच प्लॅस्टिक. २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळी उचलून धरणारे ठोकळे) शुक्रवारी संध्याकाळी मोजून घेऊ.

बी-२०४: प्लॅस्टिक आणि गोणपाट आजच मागवते. ठेकेदाराला थांबवलंय.