आधी जाळी बघा, मग पंप

दादा, तुमच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट (तेलाच्या दाबावर अवजार उचलणारी) धक्के खात उचलते आणि पंप ओरडतो, म्हणून लगेच पंप बदलू नका. सक्शनची, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूची, जाळी काढून डिझेलमध्ये धुवा. आमच्या जाळीवर बोटभर गाळ बसला होता आणि तेल ताकासारखं पांढरं, म्हणजे पाणी शिरलेलं. सक्शन पाइपाची ओ-रिंगही (सांध्यातली रबरी कडी) बदला, तिथूनच हवा ओढली जाते.

ट्रॉलीच्या जॅकसाठी वेगळा व्हॉल्व्ह घ्याल तो ‘पॉवर बियाँड’ पोर्टवालाच, म्हणजे दाबाचं तेल पुढे द्यायला वेगळं तोंड असलेलाच घ्या. त्या पोर्टातून तेल पुढे लिफ्टला, रिटर्न, म्हणजे परतीचं तेल, मात्र वेगळं टाकीत. साध्या व्हॉल्व्हच्या रिटर्नवर लिफ्ट जोडली, तर लिफ्टचा सगळा दाब व्हॉल्व्हच्या अंगावर येतो, बॉडी तडकू शकते. आणि कळकळीनं सांगतो, उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय हात घालू नका.