रिटायरमेंटनंतर आरव्ही घ्यावी का? माझं मत: घ्यावी, पण धावाधाव करायला नाही

सावकाश_प्रवासी (मिशिगन)

मंडळी, आमच्या ग्रुपमध्ये हा विषय दर उन्हाळ्यात निघतो आणि "एवढ्या पैशात आयुष्यभर हॉटेलात राहता येईल" या एका वाक्यावर बंद पडतो, म्हणून इथे नीट मांडते. माझं म्हणणं असं की रिटायर झालेल्या जोडप्याने हातपाय धड आहेत तोवर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घ्यावी, लहान घ्यावी, वापरलेली घ्यावी आणि सावकाश चालवावी.

नोकरीत असताना आपण सगळ्यांनी एकच ट्रिप केली, लाँग वीकेंडला विमानाने जा, रेंटल कार घ्या, चार दिवसात दोन नॅशनल पार्क उरका, रोज नवीन हॉटेल, रोज बॅगा भरा, आणि सोमवारी परत कामावर. आरव्हीने तसं फिरायचंच नसतं. इथले जुने आरव्हीवाले तीनचा नियम सांगतात, दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही, दुपारी ३ च्या आत मुक्काम गाठायचा आणि एका जागी निदान ३ रात्री राहायचं. आम्ही ३०० सुद्धा करत नाही, दीडशे झाले की पुरे.

नॅचेझ ट्रेस पार्कवे नावाचा रस्ता आहे, नॅशव्हिलजवळून निघून थेट मिसिसिपीतल्या नॅचेझपर्यंत, ४४४ मैल. ट्रकना बंदी, जाहिरातीचा एक बोर्ड नाही, स्पीड लिमिट जास्तीत जास्त ५०. वाटेत पार्क सर्व्हिसची तीन कॅम्पग्राउंड फुकट आहेत, वीज नाही, रिझर्व्हेशन नाही, जो आधी येईल त्याची जागा. तो रस्ता गाडीने दोन दिवसात संपतो, आम्ही मुद्दाम पुरवून पुरवून खाल्ला. सकाळी झाडाखाली पोहे, मग थोडं चालणं, दुपारी पुस्तक, संध्याकाळी शेजारच्या ट्रेलरवाल्यांशी गप्पा. असा दिवस मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी मिळाला नव्हता.

आणि दोन गोष्टी कोणी मोठ्याने बोलत नाही. एक, यांचं इन्सुलिन आपल्याच फ्रिजमध्ये राहतं, आणि भाजी भाकरी आपल्या हातची, त्यामुळे प्रवासातही शुगर आटोक्यात. दुसरं, बाथरूम सोबत असतं. साठीनंतर हायवेवर पुढचं रेस्ट एरिया किती मैलांवर आहे हे मोजत बसणं म्हणजे काय ते बायकांना विचारा.

रॅलीबद्दल, म्हणजे आरव्हीवाल्यांच्या मेळाव्यांबद्दल पण लिहायचंय, पण आधी तुमचं येऊ द्या.

हिशोबी (न्यू जर्सी)

ताई, वर्णन सुंदर आहे पण आकडे कुठे आहेत? मोठी क्लास ए मोटरहोम, म्हणजे बसएवढी आरव्ही, गॅलनला ६ ते १० मैल देते. ८ धरा, ३,००० मैलांना ३७५ गॅलन. साधी कार ३० देते, तिला १०० गॅलन. यात कॅम्पग्राउंडचं भाडं, इन्शुरन्स, आणि घरासमोर उभी करायला एचओए (आपल्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना) परवानगी देत नाही म्हणून स्टोरेजचं भाडं मिळवा. टायरवर नक्षी शाबूत असली तरी पाच सात वर्षांनी वयामुळे बदलावे लागतात. मिशिगनला थंडीच्या आधी पाइपातलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात. आणि पहिल्या दिवसापासून किंमत उतरते ती वेगळीच. ज्याला हौस आहे त्याने आठवडाभर भाड्याने घ्यावी, किल्ली परत द्यावी, विषय संपला. बँकेतला पैसा म्हातारपणी आजारपणाला लागतो, तो चाकांवर का घालायचा?

सावकाश_प्रवासी

हिशोबी, म्हणून तर लहान आणि वापरलेली म्हटलं ना. तुम्ही हिशोब मोठ्यात मोठ्या गाडीचा मांडला. क्लास बी म्हणजे व्हॅन पंधराच्या पुढे सहज देते, अर्थात नवी घ्यायला गेलात तर लाख डॉलरच्या वर जाते हे खरं. आमचा लहान ट्रेलर आहे, ओढायला घरातलाच पिकअप. ६२ च्या पुढचे सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाले असाल तर नॅशनल पार्कचा सीनियर पास ८० डॉलरला आयुष्यभराचा मिळतो आणि फेडरल कॅम्पग्राउंडांत बऱ्याच ठिकाणी भाडं अर्धं होतं. हे सगळं धरूनसुद्धा हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं असा माझा दावा नाहीच. स्वस्त पडेल म्हणून कोणी आरव्ही घेऊ नये. बरोबरीचे लोक स्वयंपाकघराच्या रिमॉडेलिंगला किती घालतात ते बघा, त्यांना कोणी हिशोब मागत नाही.

भाड्याच्या गाडीचं म्हणाल तर आधी एकदा घेऊन बघावी हे मला मान्य आहे. पण दिवसाचं भाडं भरलं की माणूस पैसे वसूल करायला पळतो, आणि परत तीच चार दिवसात दोन पार्क. मला नेमकी तीच सवय मोडायची आहे.

क्वार्टझसाइट_भक्त (फिनिक्स)

ताईंना पूर्ण पाठिंबा. आणि रॅलीचं मीच सांगतो, राहवत नाही. ॲरिझोनात आय-१० वर कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे, उन्हाळ्यात शुकशुकाट आणि जानेवारीत नजर जाईल तिथपर्यंत आरव्ही. शेजारी ला पोसा म्हणून सरकारी जमीन आहे, बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याची, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सीझनचा परमिट मिळतो, नाहीतर १४ दिवसांचा छोटा. वीज पाण्याची जोडणी नाही, पाणी भरायला आणि टाकी रिकामी करायला एका ठिकाणी सोय, बाकी आपली सोलर आणि आपण. जानेवारीत मोठा आरव्ही शो भरतो, शिवाय छोटे छोटे मेळावे, कोणी दगड गोळा करणारे, कोणी हॅम रेडिओवाले, कोणी एकट्याने फिरणाऱ्या बायका. माझी बायको तिथल्या दगड घासून चकचकीत करणाऱ्या म्हाताऱ्यांच्यात रमली ती रमलीच.

ही परंपरा आजची नाही. एअरस्ट्रीम ट्रेलरच्या कंपनीवाल्या वॉली बायमच्या नावाचा क्लब १९५५ साली निघाला, आणि त्या लोकांनी १९५९ मध्ये ट्रेलरचा तांडा घेऊन केप टाउन ते कैरो प्रवास सुरू केला होता. मोटरहोमवाल्यांचा एफएमसीए हा क्लब १९६३ चा. पंढरीच्या वाटेवर कोण वकील आणि कोण शेतकरी हे कोणी विचारत नाही तसं इथे आहे, रिटायर्ड प्लंबर आणि रिटायर्ड सर्जन एकाच शेकोटीभोवती बसलेले असतात आणि सर्जनच प्लंबरला सल्ला विचारत असतो.

साताऱ्याचा_डलसकर

मला एक सांगा, तुम्ही जानेवारीत ॲरिझोनात बसणार तर गावी कधी जाणार? आपण सगळे थंडीतच जातो. लग्नं तेव्हा, हुरडा तेव्हा, हवा चांगली तेव्हा. माझी आई ८८ ची आहे, वर्षातले दोन तीन महिने तिच्याजवळ बसायचं हे मी रिटायर होताना ठरवलं होतं. आता उरलेल्या महिन्यांपैकी उन्हाळा टेक्सासमध्ये असा की ट्रेलरचा एसी हरतो. मग गाडी वापरणार कधी? अमेरिकन रिटायर माणसाचं वेळापत्रक वेगळं आणि आपलं वेगळं, त्यांचा सगळा गोतावळा इथे आहे. रॅलीत शंभर ओळखी होतील हो, पण तिथे मराठीत बोलायला कोण आहे? मला म्हातारपणी माझ्या भाषेतली माणसं हवीत.

क्वार्टझसाइट_भक्त

आईजवळ जाणं पहिलं, त्यावर वाद नाही. पण सगळ्यांच्या मागे आई आता राहिलेली नाही. आमचं गावचं घर भावकीत गेलं, पुण्याला गेलो की आम्ही पाहुणेच असतो, चुलतभावाच्या घरात किती दिवस राहणार? आणि मराठी माणसं म्हणाल तर दोन जोडपी आम्हीच तयार केली, आता तिळगूळ ला पोसालाच वाटतो. शेजारचे कॅनेडियन आजोबा दरवर्षी आठवणीने मागायला येतात.

ह्यूस्टनची_नर्स

तुम्ही सगळे पैसे आणि माणसं बोलताय, मी जे कामावर बघत आले ते बोलते. मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, कुठलं आहे ते आधी बघा. ओरिजिनल मेडिकेअर असेल तर ते घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे देशभर चालतं. खाजगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर ॲडव्हान्टेज आणि त्यातला एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरता प्लॅन) असेल तर नेटवर्क घराजवळचं, बाहेरगावी इमर्जन्सी आणि अर्जंट केअर मिळेल पण साधा फॉलोअप मिळणार नाही. आणि एकदा ॲडव्हान्टेजमध्ये गेल्यावर परत ओरिजिनलमध्ये येऊन मेडिगॅप (उरलेला खर्च भरणारा पूरक विमा) घ्यायचं तर बऱ्याच राज्यांत तब्येत तपासून नाकारू शकतात. आरव्हीची स्वप्नं बघणाऱ्यांनी हा निर्णय ६५ ला करायचाय, ७२ ला नाही.

दुसरं, गाडी चालवणारा एकच असेल तर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा आडगावात छातीत दुखतं म्हणून खाली बसला आणि बायकोला ३० फुटी गाडी वळवता येत नाही, मग काय करणार? गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मना एक्स्पायरी डेट असते, वापरलेली गाडी घेतली की आधी ते बदला. ज्यांना घ्यायचीच असेल त्यांनी घ्यावी पण दोघांना सगळं यायला हवं, हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा आकडा) चढवणं, टाकी रिकामी करणं, मागे घेणं, सगळं.

सावकाश_प्रवासी

नर्सताई, तुमचा शब्दन् शब्द मान्य. मागे घेणं मला शिकवलं ते एका रॅलीतल्या सत्तरीच्या बाईने, रिकाम्या मैदानात ट्रॅफिकचे कोन लावून, तीन दुपारी माझ्या मागे लागून. नवऱ्याने शिकवलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणूनच मी रॅलीला एवढी किंमत देते, नुसतं नाचगाणं नाही, टायरचं प्रेशर, गॅसची तपासणी, ब्रेक, सगळं तिथे फुकट शिकायला मिळतं. म्हातारपणी फिरणं थांबलं की काय करायचं याचं पण उत्तर त्या लोकांनी शोधलंय, टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबच्या पार्कात केअर सेंटर आहे, थकलेले लोक आपापल्या गाडीतच राहतात आणि जेवणाला, डॉक्टरकडे जायला मदत मिळते.

लेक_बोस्टनहून

मी मुलांच्या पिढीतली, चालेल ना? माझे आईबाबा दोघं सत्तरीत, मागच्या वर्षी ३२ फुटी घेतली. आम्हाला कोणाला विचारलं नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कला गेल्यावर कळलं की गोइंग टू द सन रोडच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांच्या वर लांब किंवा ८ फुटांच्या वर रुंद गाडीला बंदी आहे, शेवटी शटलने गेले. ते हसत सांगतात पण मला इथे झोप लागत नाही. फोनला रेंज नाही, दोन दिवस मेसेज नाही, मी नकाशा उघडून बसते. आणि हो, नातू आजीची वाट बघतो. आयुष्यभर आमच्यासाठी राबलात, आता आमच्याजवळ राहा ना.

हिशोबी

बघा, हा खर्च माझ्या हिशोबात नव्हता. आता याचं उत्तर द्या ताई.

सावकाश_प्रवासी

बोस्टनच्या बाळा, तुझी काळजी खरी आहे आणि ती मी थट्टेवारी नेणार नाही. सॅटेलाइटवरून मेसेज करता येतो असा फोन किंवा छोटं यंत्र त्यांना घेऊन दे, रोज मुक्कामी पोचल्यावर एक मेसेज हा करार कर. ३२ फूट दोघांना जास्त आहे, ती विकून लहान घ्या हे मी त्यांना स्वतः सांगायला तयार आहे. पण जवळ राहा म्हणतेस ना, ते मी नाही सांगणार. तुमच्या घरी आम्ही आलो की तुम्ही दोघं ऑफिसात, नातू शाळेत, आणि दिवसभर आम्ही खिडकीत. त्यापेक्षा उन्हाळ्यात आठवडाभर नातवाला त्यांच्याबरोबर पाठव. आमचा नातू आमच्याबरोबर ब्लू रिज पार्कवेला आला होता, ४६९ मैलांचा तो रस्ता, ४५ च्या वर स्पीड नाही, दर थोड्या वेळाने थांबायला जागा, त्याला अजून प्रत्येक थांबा आठवतो. आजी आजोबा म्हणजे व्हिडिओ कॉल एवढीच त्याची ओळख राहिली नाही.

साताऱ्याचा_डलसकर

ते नातवाचं पटलं. पण विकत घेणं अजून पटत नाही. ऑक्टोबरात ब्लू रिजला आठवडाभर भाड्याने घेऊन जातो, पळणार नाही, एका जागी ३ रात्री राहून बघतो. २० फुटांच्या आतली कुठली बघू ते सांगा, आणि भाड्याच्या गाडीत फोडणी केलेली चालते का तेही सांगा, बायकोने पहिला प्रश्न हाच विचारलाय.

क्वार्टझसाइट_भक्त

फोडणी बाहेर, टेबलावर पोर्टेबल शेगडी ठेवून. ऑक्टोबरात तिथे पानांचा रंग बघायला गर्दी असते, पार्कवेवरच्या कॅम्पग्राउंडांचं बुकिंग आजच बघा.