मदत हवी आहे : कृष्णाकाठच्या बंद तेलगिरणीच्या जागेवर वाडा पद्धतीची घरे

सांगलीत कृष्णाकाठी वडिलांची तेलगिरणी बंद पडून आहे आणि तिथे चौक, ओसरी व कौलारू छप्पर असलेली बैठी घरे बांधावीत, अशी आम्हा भावंडांची मनापासून इच्छा आहे. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेले, त्या गाळाची रेघ गिरणीच्या भिंतीवर अजून आहे. जागा निळ्या पूररेषेबाहेर (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द), पण लाल रेषेच्या (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) आत येते, त्यामुळे जोते उंच घ्यावेच लागेल. मग ओसरीचे रूप कसे राखावे? शिवाय डिझेल इंजिनाखालची माती तेल पिऊन काळी, चिकट झाली आहे. ती किती खोल काढावी आणि तपासणी कोठे करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.