मदत हवी आहे: जुनी डिझेल गाडी प्रचंड धूर मारते. हाफ इंजिन (इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं) करायचंच का?

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांची. २००९ ची, एमएच ०७ पासिंग, १ लाख ६४ हजार किमी. चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा) डिझेल, डिझेल पुरवायला जुन्या पद्धतीचा रोटरी पंप. नवीन इलेक्ट्रॉनिक पद्धतीचं कॉमन रेल नाही. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा धूर सोडून "ही गाडी घेतलीच कशाला" यावर जाईल.

मी पुण्यात असतो, गाडी मालवणजवळ गावी. गणपतीत गेलो तेव्हा सकाळी सेल्फ मारल्यावर अख्खं खळं धुरानं भरलं. तुळशीपलीकडचं दिसेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माका काय दिसना नाय, मी पुढे बसतंय." परतताना फोंडाघाट चढवला, तर आरशात मागचा एसटीवाला दिसत नव्हता. दाजीपूरला थांबलो तेव्हा त्यानं बाजूने जाताना जे काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पीयूसीत नापास. मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप), आमचं मीटर ७८ वर. गावच्या मेकॅनिकनं दोनदा रेस दिली, सायलेन्सरकडे बघितलं आणि निकाल दिला: "रिंगो गेलेत. हाफ इंजिन करूचा लागतला." साठ-सत्तर हजार सांगतोय. गाडीची किंमत तरी तेवढी येईल का, शंकाच आहे.

एअर फिल्टर आणि ऑइल मे महिन्यात बदललंय. पिकअप पावसाळ्यापासून मेलंय. बाबा चाळीसच्या वर गाडी नेत नाहीत, त्यामुळे त्यांना ते जाणवत नाही. खोलण्याआधी काय काय तपासून घ्यावं? गाडी विका हा सल्ला सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद

विका.

(गंमत केली. पुढे वाचतोय, आमच्याकडेही अशीच एक आहे.)

प्रतिसाद

"धूर मारते" यावरून काहीच सांगता येत नाही. रंग कोणता, केव्हा येतो आणि वास कसा, हे लिहा. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता तसंच बाहेर येतंय. पांढरा पण न झोंबणारा, इंजिन गरम झालं तरी न थांबणारा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गास्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय.

रंग ओळखू येत नसेल तर पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरून कोणाला तरी रेस द्यायला सांगा. कोरडी काजळी की तेलकट डाग, लगेच कळतं. हात भाजू नका.

धागाकर्ता

दसऱ्याला परत गावी आलोय. बाबांचा जुना पंचा वापरला (आईला सांगितलेलं नाही).

सकाळी थंड इंजिनला: पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, डिझेलचा उग्र वास. इंजिन पहिली दोनेक मिनिटं थडथडतं, मग धूर जातो. पंचा ओलसर, डिझेलचा वास. गरम झाल्यावर रेस दिली: कोरडी काळी काजळी, बोटानं पुसली जाते, तेलकट नाही. चढावर भरपूर काळा. घाट उतरून परत अ‍ॅक्सिलरेटर दिला की एक निळसर झोत येतो आणि थांबतो. रेडिएटरचं पाणी जसंच्या तसं. ऑइल तीन हजार किमीला साधारण लिटरभर लागतं.

म्हणजे तिन्ही रंग आहेत. आता काय म्हणायचं?

प्रतिसाद

तिन्ही रंग आहेत म्हणजे कारणंही वेगवेगळी असू शकतात. तुमचा मेकॅनिक तिन्हींचं खापर रिंगांवर फोडतोय, तिथेच चूक होतेय. मी बरीच वर्षं डिझेल पंप-नोझलच्या दुकानात काढलीत, त्यावरून सांगतो.

सर्वात मोठी तक्रार काळ्या धुराची आणि पिकअप मेल्याची. ती दोन्ही एकाच वेळी सुरू झाली असतील तर आधी हवेचा रस्ता बघा. टर्बोकडून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) जे रबरी होज जातात, ते या वयात खालच्या बाजूने फाटतात. गाडी उभी असताना नुसती रेस देऊन टर्बो म्हणावा तसा दाब करत नाही, त्यामुळे चीर मिटलेली राहते आणि गॅरेजमध्ये काही सापडत नाही. चढावर इंजिनावर वजन आलं की दाब चढतो, चीर उघडते, हवा बाहेर. हा जुना पंप मात्र पायाच्या हिशेबाने डिझेल देत राहतो. हवा कमी पडलीय हे त्याला फारसं कळत नाही. मग काळाच धूर येणार. चढावर शिट्टीसारखा किंवा "सूंऽऽ" असा आवाज येतो का? होज काढून हातात वाकवून बघा, नुसतं वरून बघू नका. आत थोडा ऑइलचा ओलावा दिसला तर घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) तेवढं येतंच.

सकाळच्या पांढऱ्याला पहिला संशय हीटर प्लगचा (थंड इंजिन सुरू होताना आत ऊब देणारा). "कोकणात कुठे थंडी" असं म्हणून लोक ते बघतच नाहीत. पण तुमचं इंजिन प्री-चेंबरवालं (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटवणारं) असेल तर त्याला उबदार हवेतही हीटर लागतो, कारण दाबलेल्या हवेची उष्णता त्या चेंबरच्या भिंती ओढून घेतात. एक-दोन प्लग मेले की तेवढे सिलिंडर सुरुवातीला पेटतच नाहीत. थडथड त्याचीच.

आता रिंगा. हाफ इंजिनचे पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं) करून घ्या. गेज बहुतेक हीटर प्लगच्याच भोकात बसतो, म्हणजे प्लग आपोआप बाहेर येतात आणि मल्टिमीटरवर तपासून होतात. चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स जेमतेम एक ओम किंवा कमी, मेलेल्याचं सर्किट तुटलेलं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादाच खूप खाली असेल तर त्या सिलिंडरचं बघा, सरसकट इंजिन खोलू नका.

आणि हो, डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढा. समुद्राकाठची दमट हवा आणि बाबा पाचशेचंच डिझेल भरत असणार. अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी जमतंच.

प्रतिसाद

सोपा उपाय: टाकी फुल करून हायवेला न्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास पिळा. चाळीसने चालवून चालवून कार्बन साठलाय. काळा धूर निम्मा होईल.

प्रतिसाद

वरच्यांचा उपाय कार्बनपुरता बरोबर आहे, पण आत्ता नको. डिझेल इंजिनला ऑइलसुद्धा जाळता येतं. टर्बोचं सील गेलेलं असेल आणि त्यातून ऑइल ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच रेस घेतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मी एकदा बघितलंय, आवाज अजून कानात आहे. असं झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि बंद पाडा. आधी टर्बोच्या पात्याला हातानं किती खेळ आहे ते बघा. गाडी गरम असताना नाही.

धागाकर्ता

अपडेट. लांबण लावतोय, पण तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून.

बाटलीत डिझेल काढलं. दहा मिनिटं पडवीत ठेवली, तळाला दोन चमचे पाणी स्वच्छ वेगळं दिसलं. बाबा म्हणाले, "पंपवाल्यान घातल्यान." (नाही, बाबा.)

शिट्टी होती. मी ती पंख्याच्या पट्ट्याची समजत होतो. इंटरकूलरकडून वर जाणारा होज काढला. वरून नवा वाटावा असा, पण क्लँपच्या लगेच खाली, चेसिसकडच्या बाजूला, हातानं वाकवल्यावर बांगड्याच्या कल्ल्यासारखी चीर उघडली. चांगली चार बोटं. त्याच्यासमोरच्या पत्र्यावर काळ्या तेलकट धुळीचा पंखा उमटलेला. इतके दिवस तो समोर होता. कुडाळहून होज आणि दोन क्लँप आणले, साडेअकराशे रुपये.

कॉम्प्रेशन टेस्ट कणकवलीत केली. चार आकडे ४००, ३९०, ४००, ३८० पीएसआय. करणाऱ्यानं सांगितलं, या इंजिनाला चांगले आहेत. चारपैकी दोन हीटर मेलेले, चारही बदलले. टर्बोच्या पात्याला पुढेमागे खेळ नाही, आडवा किंचित.

आता सकाळी सेल्फला एक हलका पांढरा झोत, बस. गगनबावडा चढवून बघितला, आरशात मागची गाडी दिसते! पीयूसीत ५१ आले. तो निळा झोत मात्र अजून आहे. व्हॉल्व्ह सील असतील का?

प्रतिसाद

अभिनंदन. उतारावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होऊन व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल ओढलं जातं, हा पेट्रोलचा हिशेब. अशा जुन्या डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, तेवढा व्हॅक्यूम होत नाही. टर्बोचं सील किंवा रिंगा थोड्या झिजल्या असतील, दीड लाखाला तेवढं चालतं. तीन हजारांना लिटर हे बघत राहा. हजाराला लिटर झालं तर बोलू. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइलही जळून निळा धूर देऊ शकतं, बाबांना सांगा.

आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आत्ता काढू नका. ५१ येतंय तर एवढ्यात कशाला.

धागाकर्ता

डिपस्टिक बघितली. वरच्या खुणेच्या बोटभर वर. "जास्त घातलेला बरा" असं बाबांचं म्हणणं. जास्तीचं आत्ता काढतोय, परवा घाट उतरून निळ्याचं काय होतं ते लिहितो.