स्टॅन गेट्झ यांचा बर्ट बॅकरॅक अल्बम: जॅझ की नुसतेच सुरेल वादन?

प्रश्न
टेनर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांनी संगीतकार बर्ट बॅकरॅक यांच्या लोकप्रिय गाण्यांवर केलेला ‘व्हॉट द वर्ल्ड नीड्स नाऊ’ (व्हर्व्ह, १९६८) हा अल्बम नुकताच ऐकला. ‘अल्फी’, ‘वॉक ऑन बाय’, ‘द लुक ऑफ लव्ह’ अशी एकाहून एक सरस गाणी त्यात आहेत आणि वादनही गोड आहे. मात्र बहुतेक गाणी तीन-चार मिनिटांत आटोपतात, मागे व्हायोलिनांचा ताफा असतो आणि गेट्झ मूळ चाल सोडून फारसे लांब जात नाहीत. पियानोवादक हर्बी हॅनकॉक व चिक कोरिया, बासवादक रॉन कार्टर यांच्यासारखे साथीदार असताना असे का व्हावे?

उत्तर १
ताफ्याविषयीची तक्रार रास्त आहे. चालीला धरून राहण्याचे म्हणाल, तर आधी त्या चालींची घडण पाहावी. जॅझवाले नेहमी वाजवतात ती जुनी गाणी बहुधा आठ-आठ ‘बार’च्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तालखंड) चार भागांची असतात, त्यामुळे त्यांवर हवी तितकी आवर्तने घेता येतात. फ्रेंच संगीतकार दारियूस मियो यांच्याकडे शिकलेल्या बॅकरॅक यांच्या ओळी मात्र शब्दांप्रमाणे लांबतात आणि आखडतात. ‘आय से अ लिटल प्रेयर’चे (ते या अल्बममध्ये नाही) धृपद टाळी देऊन मोजा: चार, तीन, चार अशा अकरा मात्रा भरतात. ‘अल्फी’त तर गीतकार हॅल डेव्हिड यांचे शब्द आधी आले आणि चाल मागाहून. इतकी वळणे असलेल्या चालीवर तानांचा पसारा मांडला, तर गाणेच हरवायचे. म्हणून गेट्झ गायकी अंगाने वाजवतात, आणि त्यांच्या स्वरात मिसळलेला श्वास हीच तिथली खरी करामत आहे.

उत्तर २
हे पटले नाही. सॅक्सोफोनवादक राहसान रोलंड कर्क यांनी १९६९ च्या ‘व्हॉलंटीअर्ड स्लेव्हरी’ या अल्बममध्ये हेच ‘प्रेयर’ घेतले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या उल्लेखाने ते सुरू होते, पुढे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ची धून त्यात घुसते, आणि चालीच्या वळणांमुळे कर्क यांचे काहीही अडत नाही. माझ्या मते खरे कारण बाजाराचे आहे: १९६४ च्या ‘गेट्झ/गिल्बर्टो’ या बोसा नोव्हा (ब्राझिलियन ढंगाच्या) अल्बमला घवघवीत यश मिळाल्यावर गेट्झ यांच्याकडून रेडिओवर चालेल असेच संगीत अपेक्षिले जात असणार.

उत्तर ३
थोडे विषयाला धरूनच: ‘अल्फी’ हे गाणे बॅकरॅक यांचे असले, तरी १९६६ च्या त्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत सनी रोलिन्स यांचे, म्हणजे दुसऱ्या एका टेनरवाल्याचेच आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावे.

प्रश्नकर्ता
कर्क यांचे वादन ऐकले आणि त्यानंतर गेट्झ पुन्हा लावले. गायकी अंगाचा मुद्दा आता मान्य आहे. व्हायोलिने मात्र अजूनही खटकतात.